नाव घ्या, आक्का

“नवऱ्याचं नाव?”

“आमचे हे.”

“‘आमचे हे’ असं कुणाचं नाव असतं का, आक्का? नीट सांगा. नवऱ्याचं नाव काय?”

“वैजूचे बाबा.”

मी हातातली फूटपट्टी खिडकीच्या चौकटीवर आपटली. मी स्वयंपाकघरात खिडकीशी स्टुलावर बसले होते आणि आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, बाहेर परसात उन्हात उभ्या होत्या. मधे खिडकीचे गज. मी अमेरिकेच्या वकिलातीतला गोरा साहेब, आणि त्या व्हिसा मागायला आलेल्या अनसूया गुरव. तशा त्या अनसूया गुरवच होत्या, पण ते पटवून द्यायला नवऱ्याचं नाव सांगावं लागत होतं आणि ते काही केल्या त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

“साहेब असा फूटपट्टी आपटतो होय गं?” आक्का म्हणाल्या. “आम्ही काय तुझ्या बालवाडीतली पोरं?”

“पोरं परवडली. ती विचारल्याबरोबर बापाचं नाव तरी सांगतात.”

पलीकडे ओट्यावर आक्कांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, सायकलची चेन पुसत बसले होते. त्यांना मी भावजी म्हणायची. ते खो खो हसायला लागले.

“घे गं बिनधास्त! नवऱ्याचं नाव घेतलं की आयुष्य कमी होतं म्हणतात ना? माझं आयुष्य एस.टी.च्या टायरसारखं आहे. रिमोल्ड करून करून चालतंय. तुझ्यानं काय कमी होणार!”

“शुभ बोला की जरा मेलं!” असं म्हणून आक्का तरातरा आत निघून गेल्या. संपली मुलाखत.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट, इस्लामपूरची. भावजी एस.टी.च्या आगारात कंट्रोलर होते, नुकतेच रिटायर झाले होते. आता ते नाहीत, आक्काही नाहीत. पण नुसती आठवण झाली तरी मला हसू येतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. आक्कांना अमेरिकेला जायचं होतं, आणि हौस म्हणून नव्हे.

वैजू म्हणजे वैजयंती, त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन ओहायोला गेली होती. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पदरात काही पडलं नाही. या खेपेला डॉक्टरांनी तिला झोपवूनच ठेवलं होतं. तिची सासू हयात नव्हती, नवरा सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा. पोरगी दिवसभर छताकडे बघत पडायची. पत्रात लिहायची, “आई, मला कशाचीच भीती वाटत नाही, फक्त तू ये.” आता ज्या पोरीला भीती वाटत नाही ती असं कशाला लिहील? आक्का ते पत्र वाचून झालं की देवापुढं ठेवायच्या आणि कुणाशी बोलायच्या नाहीत.

तयारी म्हणाल तर भावजींनी अशी केली होती की नाव ठेवायला जागा नाही. गाड्या सोडायची सवय. पासपोर्ट, जावयाचं बोलावणं, त्याच्या नोकरीचा दाखला, आमच्या घराचा उतारा, सगळं एका पिशवीत लागेल तसं वरखाली लावलेलं. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत म्हणून फोटोवाल्यानं आक्कांना डोक्यावरचा पदर मागं घ्यायला सांगितला, तर त्या कॅमेऱ्याकडं पाठ करून बसल्या. मी त्यांना धरून फिरवलं तेव्हा कुठं फोटो निघाला. त्यातही चेहरा असा, जणू मी त्यांना पोलिसात दिलं आहे. तिकडच्या विमानतळावर सामान उघडून बघतात म्हणून जावयानं कळवलं होतं, डिंक आणा, सुंठ आणा, अळीव बंद पाकिटातून आणा, पण खसखस आणू नका, ती अफूची बी, उगाच चौकशी मागं लागेल. आक्का म्हणाल्या, “मग लाडवांत काय जावयाचं डोकं घालू?” त्या दिवशी घरात नुसती खसखस पिकली.

पण एवढा सगळा खटाटोप कशासाठी? तर ही बाई परत येणार, तिकडं ठाण मांडून बसणार नाही, हे साहेबाला पटावं म्हणून. आणि परत येण्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे घरी राहणारा नवरा.

पहिल्या खेपेला मुंबईच्या वकिलातीत आक्का एकट्याच आत गेल्या होत्या. दुभाषी बाईनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? कागदावर ते होतंच, पण साहेबाला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आक्का लाजल्या. पुन्हा विचारलं. आक्कांनी तोंडाला पदर लावला. साहेबाला काही कळेना. त्यानं विचारलं, मग नवरा असतो तरी कुठं? आक्कांनी दाराकडं बोट दाखवलं. आता भावजी खरोखरच दाराबाहेर फुटपाथवर उभे होते, आक्कांचं काही चुकलं नाही. पण साहेबाला वाटलं, नवरा घर सोडून गेला! वर त्या डोळे पुसायला लागल्या. झालं. नकाराचा शिक्का बसलेला पासपोर्ट घेऊन आक्का बाहेर आल्या. घरी धडधाकट नवरा असून आमच्या आक्का टाकलेल्या बाई ठरल्या.

पुन्हा अर्ज करायची मुभा होती. तोवर वैजूला सातवा सरत आलेला. ही खेप हुकली तर बाळंतपणाला आईचं तोंड दिसणं कठीण, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. म्हणून तर मी साहेब होऊन खिडकीत बसत होते.

आक्कांचं नाव न घेणं साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. भावजींचं नाव सोमनाथ. त्यामुळं आक्कांच्या आठवड्यात सोमवार नव्हता, ‘महादेवाचा वार’ होता. दूधवाल्याचं नाव सोमा, तर त्याला “अहो दूधवाले” अशी हाक. लग्नात उंबऱ्यावर नवरीला नाव घ्यायला लावतात, तेव्हा मामंजी म्हणाले होते म्हणे, “पोरगी उन्हातनं आलीय, येऊ द्या आत,” आणि आक्का तिथंच सुटल्या, त्या सुटल्याच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी हटून बसल्या की त्यांचा एकच ठरलेला:

“संक्रांतीचं वाण दिलं तिळानं अन् हलव्यानं,
वैजूच्या बाबांचं नाव घेते मुक्यानं.”

“मुक्यानं म्हणजे नक्की कसं गं आक्का?” असं एखादी चावट विचारायची आणि मग जो काय दंगा व्हायचा! आक्का लालबुंद व्हायच्या, पण नाव काही घ्यायच्या नाहीत.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, “आक्का, सासूबाई दिवसातनं शंभरदा ‘सोम्या, सोम्या’ करायच्या. काय झालं भावजींना? तुमच्या एका वेळेनं काय होणार आहे? पोरगी तिकडं जीव मुठीत धरून पडलीय आणि तुम्ही कुठल्या जमान्यातलं धरून बसलाय!”

“त्या आई होत्या,” आक्का एवढंच म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

शेवटी वैजूचाच फोन आला. शेजारच्या कारंजकर डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन होता, तिथं आम्हाला बोलावणं आलं. मी आक्कांना चिकटून उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. वैजू म्हणत होती, “आई, चार अक्षरं आहेत गं. चार अक्षरांसाठी येणार नाहीस?” नुसता हुंदका आला आणि फोन कटला.

आक्का घरी आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसून मला म्हणाल्या, “मालन, महादेवाच्या वारी मुंबईला जाऊ. घेते मी नाव.”

मला तर आभाळ ठेंगणं झालं. “मग घ्या बघू आत्ता! एकदा तालीम होऊन जाऊ दे.”

“आत्ता नाही. तिथंच घेईन.”

“अहो, सवय नाही जिभेला! ऐन वेळी अडकलं म्हणजे?”

“नाही अडकायचं.”

“एकदा, आक्का. हळूच. माझ्या कानात घ्या.”

“तुझ्या कानात?” त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग म्हणाल्या, “लेकीसाठी जेवढं लागंल तेवढं घेईन. जास्तीचं एकदाही घेणार नाही.”

भावजी दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एरवी त्यांनी काहीतरी टोमणा मारला असता. या वेळी नुसतं, “घेणार म्हणतेस?” असं म्हणाले आणि उगाच चष्मा पुसत राहिले.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं वकिलातीबाहेरच्या रांगेत उभे होतो. प्रवासात आक्कांचा पाय सुजून टम्म झाला होता, म्हणून पहारेकऱ्यानं सोबतीला एकाला आतल्या बाकापर्यंत जाऊ दिलं. “तू जा गं, तू बरी,” भावजी मला म्हणाले. “मी असलो की हिची वाचा बसंल.” आणि ते फुटपाथवर कागदांची रिकामी पिशवी छातीशी धरून उभे राहिले.

आत थंडगार होतं. नंबर आला तशा आक्का लंगडत खिडकीशी गेल्या. काचेपलीकडं तांबड्या तोंडाचा एक तरुण साहेब, शेजारी आपली मराठी दुभाषी बाई. मी मागच्या बाकावर बसून सगळ्या देवांना एकेक करून उठवत होते.

“कशासाठी जायचंय, आजी?”

“लेकीचं बाळंतपण करायला.”

“परत कधी येणार?”

“बाळ मान धरायला लागलं की.”

दुभाषी बाईनं ते कसं सांगितलं देव जाणे, पण साहेब हसला. मग त्यानं कागद उलटला, पहिल्या खेपेचा शिक्का बघितला आणि त्याचं हसू मावळलं. त्यानं काहीतरी विचारलं.

“आजी,” ती बाई म्हणाली, “तुमच्या यजमानांचं नाव सांगा.”

मी बाकाची कड घट्ट धरली. मला पाठमोऱ्या दिसत होत्या आक्का. त्यांनी डोक्यावरून पदर नीट घेतला, पायाचं दुखणं विसरून ताठ उभ्या राहिल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, “सोमनाथ.”

एवढ्या वर्षांत तो शब्द मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. नाव तेच, गल्लीतलं पोरगंसुद्धा घेत होतं, पण वेगळंच वाटलं.

साहेबानं मान पुढं केली. त्याला ऐकू आलं नव्हतं!

“आजी, परत एकदा सांगता?”

“सोमनाथ.” आवाज जरा कापला. “सोमनाथ सदाशिव गुरव.” सासऱ्यांच्या नावासकट सगळं.

साहेबानं ते म्हणून बघितलं. “सोम्नट?” आणि मान हलवली, नीट कळेना. दुभाषी बाईला बिचारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हळू आवाजात म्हणाली, “आजी, फक्त एकदा. सावकाश.”

“सो-म-ना-थ,” आक्का म्हणाल्या. बालवाडीत आम्ही शिकवतो तसं, एकेक अक्षर. गालांवरनं पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसतसुद्धा नव्हत्या.

साहेबानं त्यांच्याकडं बघितलं, मग कागदाकडं. पुढं काही विचारलं नाही. व्हिसा मिळाला.

बाहेर आलो तर भावजी धावतच आले. “झालं?”

“झालं,” मी म्हटलं.

“म्हणजे घेतलं हिनं?”

“तीनदा घेतलं! साहेबाला ऐकूच येईना.”

भावजींचा चेहरा असा झाला की हसावं की काय करावं, त्यांनाच कळेना. “काय गं,” ते आक्कांना म्हणाले, “त्या परक्या माणसाला तीनदा, आणि मला? मलापण ऐकव की एकदा.”

“चला, काहीतरीच! रस्त्यात का हे बोलायचं?” आक्का पुढं चालायला लागल्या. भावजी हसले. पण स्टँडवर जाईपर्यंत त्यांनी मला हळूच दोनदा विचारलं, “कसं घेतलं गं? म्हणजे, नुसतं सोमनाथ म्हणाली की सोमनाथराव?”

परतीच्या गाडीत भावजी पुढं जाऊन बसले, कारण ड्रायव्हर निघाला आमच्याच आगारातला. “आरं, सोमनाथअण्णा!” असं तो एवढ्या मोठ्यांदा ओरडला की अर्धी गाडी वळून बघायला लागली. मी आणि आक्का मागं. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, मनातून भ्यायल्यात.

“आक्का, असं काही मनात आणू नका हं,” मी म्हटलं. “नावानं माणसाचं आयुष्य कमी होत नाही.”

“अगं, ते काय मला कळत नाही?” आक्का म्हणाल्या. “तसं असतं तर आगारानं त्यांना कधीच मारलं असतं.”

“मग? मग एवढी वर्षं का नाही घेतलं?”

त्यांनी मानेनं पुढं खूण केली. ड्रायव्हर अजून “सोमनाथअण्णा, तुमच्या वेळी कशी शिस्त होती” वगैरे चालवत होता.

“ऐकतेस ना? ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, सगळे वापरतात त्यांचं नाव. लाउडस्पीकरवरनंसुद्धा ओरडायचे. माझ्या वाट्याचं काय होतं गं त्यांच्यातलं? दिवसभर आगाराचे, घरी आले की सासूबाईंचे. म्हटलं, आपण आपलं नाव तेवढं जपून ठेवू. सगळ्यांनी वापरू दे, आपण नाही वापरायचं. आणि एकदाच घ्यायचं. त्यांच्यापुढं, दुसरं कुणी नसताना.”

“मग घ्यायचं की! कुणी अडवलं होतं?”

“घरात कुणी नाही असं कधी झालं, सांग बघू? आधी सासूबाई, मग वैजू, मग तुम्ही. आणि आता कधीमधी दोघंच असतो, तर मेली लाज वाटते. इतकी वर्षं न घेतलेलं एकदम कसं घ्यायचं? ते म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं.” त्या हसल्या, आणि हसता हसता ओठ दुमडून घेतला. “आणि शेवटी घेतलं ते कुणापुढं, तर त्या तांबड्या माणसापुढं. त्याला धड म्हणतासुद्धा येईना गं. आणि हे बाहेर. ह्यांनी ऐकलंच नाही.”

मी त्यांचा हात हातात घेतला आणि कराड येईपर्यंत तसाच धरून बसले.

मग पंधरवड्यात तिकीट आलं आणि आक्का गेल्या. विमानतळावर निरोपाला अर्ध्या भावकीचा गोतावळा. भावजी घुटमळत पुन्हा पुन्हा विचारत होते, “काही सांगायचं राहिलं का गं? आठव.” आक्का सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, “दूध उतू घालवू नका. येते.” आणि गेल्या. भावजी त्या दिसेनाशा झाल्यावरसुद्धा कठड्याला धरून उभे होते.

घर एक, चुली दोन; पण त्यानंतर ते आमच्याकडंच जेवायचे. दवाखान्यातला फोन वाजला की हातातला घास तसाच ठेवून ऐकायचे, आपल्याला हाक येते का.

आणि एका सकाळी आली. कंपाउंडर ओरडत आला, “अण्णा, अमेरिका!” भावजी अनवाणी पळाले, मी त्यांच्या मागं. दवाखाना पेशंटांनी भरलेला. भावजींनी रिसीव्हर उचलला आणि कंट्रोलरच्या केबिनमधून गाडी पुकारावी तसे गरजले, “हॅलो, इस्लामपूर!”

आक्कांचा समज होता की अमेरिका लांब आहे म्हणजे तिथून ओरडून बोलायचं. त्यामुळं त्यांचा शब्द न् शब्द बाकावरच्या पेशंटांना ऐकू येत होता.

“वैजू सुटली हो! बाळ-बाळंतीण खुशाल आहेत!”

मी तिथंच हात जोडले. भावजींनी डोळे मिटले. मग तिकडून जरा खालच्या आवाजात, पण अगदी स्वच्छ ऐकू आलं:

“अहो सोमनाथराव. ऐकताय ना?”

भावजी जागच्या जागी थिजले.

“सोमनाथराव! ऐकू येतंय का?”

“बोला की भावजी!” मी त्यांचा सदरा ओढला. “त्यांना वाटेल फोन कटला!”

भावजींनी माझ्याकडं न बघता ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा म्हणून. तिकडून आक्का हाका मारत होत्या, “अहो सोमनाथराव! सोमनाथ! अहो, आहात ना तिथं?” आणि हा माणूस रिसीव्हर कानाशी घट्ट धरून, डोळ्यांतनं पाणी गाळत, मुद्दाम ओ देत नव्हता.

मग लाइन कटली. भावजींनी तरीही रिसीव्हर खाली ठेवला नाही.

माझ्या जिवाला राहवेना. “भावजी, काय झालं वैजूला? मुलगा की मुलगी?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. लहान पोरासारखे ओशाळले.

“अगं मालन,” ते म्हणाले, “विचारायचंच राहिलं.”